नदीकाठचा तिसरा प्रश्न

सगळी मंडळी उभी राहिली आणि थोमादादा हिवाळे तेवढे बसून राहिले.

मी खिडकीच्या गजांतून बघत होते. निमखेडीच्या आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. त्या देवळात मतं कागदावर घेत नसत. होकार असेल त्यानं उभं राहायचं, नसेल त्यानं बसायचं, इतका साधा कारभार. थोमादादांचं वय झालेलं, म्हणून बायकांना वाटलं, म्हाताऱ्याला उठवत नाही. घरोघर शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबलबाई फिबीबाईंनी सतरंजी ओलांडून त्यांच्यापुढं हात केला आणि म्हणाल्या, "उठा दादा, मी धरते."

"माहे गुडघे शाबूत हायेत, बाई," थोमादादा म्हणाले. "म्या बसलो हाये."

फिबीबाईंनी हात मागं घेतला.

आम्ही तिघं त्या वेळी बाहेर होतो. बाबा बाहेर होते, कारण मत त्यांच्याविषयीच चाललं होतं. त्यांना पाळक नेमायचं की नाही, हे ठरत होतं. मी बाहेर होते, कारण माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आम्ही बाप्टिस्ट. आमच्यात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. जाणतं झाल्यावर, चार लोकांसमोर आपल्या तोंडानं विश्वास कबूल करून नदीच्या डोहात पूर्ण बुडवून घ्यायचं, तेव्हा माणूस मंडळीचा सभासद होतो आणि त्याला मत मिळतं. मला तेव्हा चौदावं लागलं होतं आणि माझी पाळी त्याच नाताळाआधी यायची होती.

आणि आई बाहेर होती, कारण ती नेहमीच बाहेर असायची.

आई नगरकडची. तिकडच्या मिशनात तान्ह्या लेकरांच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. तिचाही तसाच झालेला. बाबा तिकडं मास्तरकीचं शिक्षण घ्यायला गेले होते, तिथं हे लग्न ठरलं. लग्न करून वऱ्हाडात आल्यावर तिला सांगण्यात आलं, की इकडं तो बाप्तिस्मा धरत नाहीत, नदीत उतरून पुन्हा घ्यावा लागेल. तिनं नाही म्हटलं. भांडली नाही, वाद घातला नाही, नुसतं नाही म्हटलं. उपासनेला ती दर रविवारी यायची, गाण्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मेजावर आला, की ती उठून आम्हा पोरांबरोबर बाहेर निंबाखाली येऊन बसायची. बाबांना वाटायचं, आज ना उद्या तिला पटेल. ते तिला पवित्र शास्त्रातली वचनं काढून दाखवायचे. असं करत पंधरा वर्षं गेली होती.

थोमादादांचं म्हणणं शहरातून आलेले पाळक वाघचौरे यांनी सगळ्यांसमोर विचारून घेतलं. थोमादादा बसूनच बोलले.

"आमोस मास्तरावानी माणूस या मंडळीत दुसरा नाई, हे मले मान्य हाय. पण ज्याच्या घरची बाई प्रभूच्या मेजाले बसत नाई, त्यानं त्या मेजावर भाकर मोडावी कशी, हे मले कोनी सांगा. मंग म्या उभा राह्यतो."

आमच्या मंडळीचा जुना शिरस्ता असा, की पाळक नेमायचा तर एकमतानं. एकजणही बसलेला असला, तर नेमणूक नाही.

थोमादादांना वाईट म्हणायला माझी जीभ तेव्हाही वळली नाही, आज ऐंशी उलटल्यावरही वळत नाही. मिशनचे पहिले साहेब निमखेडीला आले, तेव्हा डोहात सगळ्यांत आधी उतरला तो थोमादादांचा बाप. बाहेर आला तो ओल्या अंगानं घरी गेला, आणि घराचं छप्पर खाली ओढलेलं होतं. गावानं पाणी बंद केलं, काम बंद केलं. त्या माणसानं दोन पावसाळे साहेबांच्या तट्टाच्या गोठ्यात काढले, त्यात त्याची दोन लेकरं गेली. थोमादादा त्यातून उरलेलं तिसरं. ही हकिकत ते दर वर्षी मंडळीच्या वर्धापनदिनी सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "शिंतोडे उडवून भागत होतं, त मंग माह्या बापाचं घर काहून मोडलं?"

त्या वर्षी पेच असा होता, की साहेब लोक देश सोडून गेले होते, आमचे जुने पाळक दोन वर्षांपूर्वी वारले होते, आणि मिशनच्या वरच्या पंचांनी ठरवून टाकलं होतं, ज्या मंडळीला नाताळापर्यंत स्वतःचा पाळक नसेल तिचं देऊळ बंद करायचं आणि ती शहरातल्या मंडळीत सामील करायची. शहर बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. म्हातारी माणसं, बाळंतिणी, शेतावर राखणीला राहणारे, हे दर रविवारी तिथवर जाणार कसे? वीस-बावीस घरांची आमची मंडळी. देऊळ बंद झालं की ती संपली, हे लहान पोरांनाही कळत होतं.

बाबांना पाळक व्हायचं होतं. ते तसं कधी बोलले नाहीत, पण मला ठाऊक होतं. एकदा मी शाळेतून लवकर आले, तर ते स्वयंपाकघरात एकटेच उभे होते. त्यांनी टोपलीतली ज्वारीची भाकरी, पाळक मेजावर धरतात तशी, दोन्ही हातांत धरून वर उचलली होती आणि हळूच मधोमध मोडत होते. मला बघून त्यांचे कान लाल झाले. अर्धी भाकरी माझ्या हातात देऊन म्हणाले, "खा. भूक लागली असेल."

मतांच्या त्या सभेनंतर दोन दिवसांनी फिबीबाई आमच्याकडं आल्या. आई अंबाडीची पानं खुडत ओसरीवर बसली होती. फिबीबाईही शेजारी बसून खुडायला लागल्या. आधी त्यांनी माझ्या बाप्तिस्म्याच्या लुगड्याची चौकशी केली, मग आपल्या सांधेदुखीची गोष्ट सांगितली, मग शहरातलं देऊळ किती मोठं आणि तिथल्या बायका कशा पायांत चपला घालून आत येतात, ते सांगितलं. खूप वेळानं मुद्द्यावर आल्या.

"कृपाबाई, एक बुडी ती काय. डोहात मीही उतरले, माझ्या दोन्ही सुनाही उतरल्या. पाणी कुणाला खात नाही."

"पाण्याचं मला काही नाही, बाई."

"मग कशाचं आहे?" असं फिबीबाई विचारतील, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "मास्तरांकडं बघ. देवळाकडं बघ. तुझ्या एकटीच्या हट्टापायी बावीस घरं रस्त्यावर येणार, हे तुला झोपू कसं देतं?"

आईनं पानं सुपात लोटली. देठं वेगळी केली. मग म्हणाली, "पाण्यात उतरायला माझी ना नाही. यांना सांगते मी."

त्या रात्री बाबा जेवले नाहीत इतके आनंदले. गोष्ट सकाळपर्यंत घरोघर पोचली. वाघचौरे पाळकांना निरोप गेला. ठरलं असं, की नाताळाआधीच्या रविवारी सकाळी डोहावर माझा आणि आईचा बाप्तिस्मा, तिथून सगळ्यांनी देवळात यायचं, बाबांसाठी पुन्हा मत घ्यायचं आणि नव्या पाळकांच्या हातून पहिलं प्रभुभोजन. थोमादादा स्वतः आमच्या दारात येऊन आईला सलाम करून गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मायलेकी एकाच दिवशी. माह्या जन्मात म्या असं पाह्यलं नव्हतं."

डोहात उतरताना बायकांची लुगडी पाण्यावर फुगून वर येतात, म्हणून काठात आतून खडे शिवायची आमच्याकडं रीत होती. आईनं नदीवरून सुपारीएवढे खडे आणले आणि रोज दुपारी ती दोन्ही लुगड्यांना ते शिवत बसायची. आधी माझं झालं. तिचं स्वतःचं मात्र पुढं सरकेना. मी विचारलं तर म्हणाली, "डोळे दुखतात गं."

संध्याकाळी बाबा माझ्याकडून प्रश्न घोकून घ्यायचे. डोहात उभं केल्यावर मंडळीतला सगळ्यांत वडील माणूस काठावरून तीन प्रश्न विचारतो. प्रभू येशू माझा तारणारा आहे, असं तू मनापासून मानतेस का? त्यावर "होय". या मंडळीच्या सुखात आणि दुःखात राहशील का? त्यावरही "होय". आणि तिसरा, याआधी तुझा बाप्तिस्मा झाला आहे का? त्यावर "नाही".

माझं पाठ झालं तेव्हा आई चुलीपुढं होती. तव्यावर भाकरी तशीच ठेवून ती वळली.

"तो तिसरा मलाही विचारणार?"

"सगळ्यांनाच विचारतात," बाबा म्हणाले.

"गाळता नाही येत?"

"तो गाळला तर थोमादादा पुन्हा बसून राहतील. अगं, नाही म्हणायचं. त्यात खोटं काही नाही. तो बाप्तिस्मा नव्हताच, शास्त्राप्रमाणे बघितलं तर." असं म्हणत बाबांनी कोनाड्यातलं शास्त्र काढलं आणि पान उलटायला लागले.

"वचनं मला पाठ आहेत," आई म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपली होती. ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

त्या रविवारी थंडी कडाक्याची होती. डोहावर धुकं होतं, आणि पलीकडच्या काठावर धोब्याचं गाढव उभं राहून आमच्याकडं बघत होतं. बायकांनी मोठमोठ्यानं गाणं म्हणायला सुरुवात केली, काही देवासाठी आणि काही अंगात ऊब यावी म्हणून. वाघचौरे पाळक कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, शेजारी मदतीला बाबा. आधी मी उतरले. पाण्यानं पायांना चावल्यासारखं झालं. थोमादादांनी काठावरून प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. माझे दात इतके वाजत होते, की "नाही" हा शब्द माझ्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी आला आणि पोरं हसली. मग पाळकांनी एक हात माझ्या पाठीला लावला, एक कपाळाला, आणि मला मागं पाण्यात निजवलं. पाण्याखालून वर सगळं हिरवं दिसलं. मग मी पुन्हा हवेत होते आणि फिबीबाई मला घोंगडीत गुंडाळत होत्या.

आई माझ्या शेजारून पाण्यात गेली. तिच्या लुगड्याला खडे शिवलेले नव्हते. पदर पाण्यावर पसरला, तो बाबांनी हातानं गोळा करून धरला.

थोमादादा टोपी काढून पुढं आले. पहिला प्रश्न विचारला. आई "होय" म्हणाली, ते काठाच्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. दुसरा विचारला. "होय."

"याआधी तुहा बाप्तिस्मा झाला हाय का?"

आई नुसती उभी राहिली. पाणी तिच्या कमरेशी हलत होतं. वाघचौरे पाळकांना वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी प्रश्न स्वतः एकदा म्हटला. बाबा तिच्या कानाशी काहीतरी बोलले. ते काय बोलले, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. ते म्हणाले होते, "एकच शब्द आहे, कृपा."

"झाला आहे," आई म्हणाली.

कुणीतरी गाणं सुरू करायला गेलं आणि मध्येच थांबलं. थोमादादांच्या हातातली टोपी गोल गोल फिरायला लागली.

"कोनी देल्ला?"

"माझ्या आईनं."

हे कुणाला अपेक्षित नव्हतं. पाण्यात उभे असलेले पाळक तिला समजावण्याच्या सुरात म्हणाले, की बाई, आईला तसा अधिकार नसतो, तुम्ही आलात त्या मिशनातही नसतो. तेव्हा हा तर कुठल्याच बाजूनं बाप्तिस्मा म्हणून धरता येणार नाही, आणि नाही म्हणायला तुम्हाला काहीच अडचण नाही. काठावरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकजण तोंडाला पदर लावून हसली. थोमादादा म्हणाले, बाईनं दिलेला बाप्तिस्मा त्यांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

आई तशीच थांबली. घाई करत नव्हती, रागावलेलीही नव्हती. थोमादादांकडं बघितलं, पाळकांकडं बघितलं, मग बाबांकडं. कुणी आणखी काही विचारलं नाही. तेव्हा ती वळली आणि काठाकडं चालत आली. बाबांच्या हातातला पदर त्यांनी सोडला की तिनं ओढून घेतला, ते मला नीट दिसलं नाही.

घरी जाताना आम्ही तिघंच होतो. बाकीचे देवळाकडं गेले, मत घ्यायचं नव्हतं तरी उपासना व्हायचीच होती. आईचं लुगडं कमरेपर्यंत ओलं, माझं डोक्यापासून पायापर्यंत. माझ्या काठातले खडे चालताना घोट्यांवर आपटत होते. बाबा चार पावलं पुढं चालत होते. बाभळीच्या बनाजवळ ते थांबले. मागं न बघता म्हणाले, "तुझ्या आईची गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस."

आईनं तिथंच, वाटेत उभं राहून सांगितली.

मानमोडीची साथ आली त्या वर्षी ती जन्मली. गावंच्या गावं तापानं झोपली होती. तिचे वडील ती जन्मायच्या आधी चार दिवस गेले. तिची आई, माझी आजी राहेल, ओली बाळंतीण, तीही तापात पडली. घरात तिसरं माणूस नाही. गावचे पाळक आधीच गेले होते. मरणाच्या घरात पाय टाकायची कुणाची छाती नव्हती. समोरच्या घरची एक तेलीण तेवढी उंबऱ्याशी पाण्याचा लोटा ठेवून परत फिरायची. शेवटच्या दिवशी तिलाही ताप भरला होता. लोट्याच्या तळाशी घोटभरच पाणी ती आणू शकली. ती दारातून बघत राहिली. राहेल सरपटत उंबऱ्यापर्यंत आली, लोटा ओढून घेतला. तेलिणीला वाटलं, आता पिईल. पण तिनं ते पाणी ओंजळीत घेतलं आणि पोरीच्या डोक्यावर घातलं, तीन वेळा, तोंडानं काही पुटपुटत. लेकरू आपल्याआधी, बाप्तिस्म्यावाचून जाणार, असं तिला वाटलं असावं.

"मावशी दुसऱ्या दिवशी तिथं पोचली," आई म्हणाली. "तेलिणीनं तिला सांगितलं, तापानं बाईला भ्रम झाला होता, पाणी प्यायची सोडून तिनं सांडून टाकलं. मावशीनं बघितलं तर मी जिवंत होते. आई गेली होती, तिच्या ओठांना पाणी लागलेलं नव्हतं."

मी थंडीनं कापत होते. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.

"डोहात शंभर वेळा बुडवा मला," आई म्हणाली. "पण ते झालंच नाही, असं मी माझ्या तोंडानं कसं म्हणू?"

बाबा मागं वळले. मग म्हणाले, "पंधरा वर्षं, कृपा. एकदा तरी सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही वचनं दाखवत होता."

बाबा वाटेच्या कडेला खाली बसले. मास्तर माणूस, ओलं धोतर नेसलेला, मातीत बसला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आईनं त्यांना उठवलं नाही. ती शेजारी उभी राहिली, त्यांच्यावर वारा येत होता तिथं आडोसा करून.

उठल्यावर त्यांच्या तोंडावर एक वेगळंच तेज होतं. ते म्हणाले, की आत्ताच्या आत्ता देवळात जातो आणि हे सगळ्यांना सांगतो. थोमादादांना तर सांगतोच. ज्याच्या बापानं डोहासाठी घर गमावलं, त्याला हे कळणार नाही तर कुणाला कळेल? तो माणूस रडत उभा राहील. माझी खात्री आहे.

माझीही खात्री होती. आजही आहे.

"नाही," आई म्हणाली. "ते सांगून मत मागायचं नाही."

"मत मागत नाही. नुसतं सांगतो."

"ते मागणंच होतं. तिच्या मरणावर तुम्ही पाळक व्हायचं नाही, आणि देऊळही उघडं राहायला नको तिच्या मरणावर. मला कुणी विचारलं, तर मी सांगेन. डोहात मी थांबले होते तेवढ्यासाठी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "एस्तेर, तूही बोलायचं नाहीस."

बाबांनी तिचं ऐकलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शास्त्र काढलं नाही.

नाताळ झाला आणि दुसऱ्या दिवशी मंडळीची शेवटची सभा भरली. मी आता सभासद होते. पहिल्यांदा मी सभेला आत बसले, बायकांच्या बाजूला, फिबीबाईंच्या शेजारी. बाबा समोर पुरुषांत होते. आई बाहेर निंबाखाली. वाघचौरे पाळकांनी प्रस्ताव वाचला, की निमखेडीची मंडळी शहरातल्या मंडळीत सामील व्हावी आणि हे देऊळ बंद व्हावं. कुणाला काही म्हणायचं असलं तर म्हणावं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते बाबांकडंच बघत होते. बाबांनी मांडीवरच्या टोपीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. माझ्या घशात सगळी गोष्ट शब्दाला शब्द लावून तयार होती. फिबीबाईंनी माझा हात धरला होता. त्यांना वाटत होतं, मला थंडी वाजते आहे.

मग पाळक म्हणाले, ज्यांचा होकार असेल त्यांनी उभं राहावं.

लोक एकेक करून उठले. थोमादादा सगळ्यांच्या शेवटी उठले, भिंतीला धरून. बाबाही उठले. मीही उठले. आमच्या मंडळीचं ते शेवटचं मत आणि ते एकमतानं झालं.

बायका रडत होत्या. पुरुषांनी सतरंज्या गुंडाळल्या, बाजाची पेटी कापडात बांधली, शहराकडं जाणाऱ्या गाडीत ठेवली. थोमादादांनी स्वतः दाराला कुलूप लावलं. त्यांच्या हाताला ते लागेना, दोनदा निसटलं. मग बाबांनी हात लावला आणि दोघांनी मिळून ते लावलं. किल्ली पाळकांकडं देऊन थोमादादा पायरीवर बसले. बापाची गोष्ट पुढच्या वर्षी कुणाला सांगायची, असं ते बोलले, कुणाला उद्देशून नाही. मग मान वर करून त्यांनी बाबांना विचारलं.

"मास्तर, त्या दिशी डोहात कृपाबाई तिच्या मायचं काय म्हनत होती?"

बाबांचे ओठ हलले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग ते म्हणाले, "ते तुम्ही तिला विचारा, दादा. ती सांगेल."

थोमादादा पायरीवरून उठले आणि निंबाकडं निघाले. म्हातारा माणूस, हळू चालला. आईनं त्यांना येताना बघितलं. ती उभी राहिली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि हात एकमेकांत धरून थांबली. तिचा चेहरा असा मोकळा झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

थोमादादा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. आमच्याकडं त्यांची पाठ होती. बाबांनी माझा खांदा घट्ट धरला.

"थंडी लई हाय, बाई," थोमादादा म्हणाले. "पोरीले घेऊन घरी जा."

"बरं, दादा," आई म्हणाली.

त्यांनी तिला सलाम केला. तिनंही केला. मग ते गाडीवाटेनं आपल्या घराकडं गेले, आणि आई ते दिसेनासे होईपर्यंत तिथंच उभी राहिली.